निकालाआधीचे पान

२१ जुलै २०२४ हा रविवार होता. अमेरिकेत दुपारी जो बायडेन यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेत असल्याचे पत्र समाजमाध्यमावर टाकले आणि पाठोपाठ कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. इंग्रजी विकिपीडियावरचा या निवडणुकीचा लेख तोवर चांगलाच लांबलचक झाला होता. त्याच्या उजव्या अंगाला असते ती माहितीचौकट: उमेदवाराचे छायाचित्र, पक्ष, गृहराज्य, सोबतचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार. डेमोक्रॅटिक पक्षाच्या रकान्यात मार्चपासून ‘संभाव्य अधिकृत उमेदवार’ बायडेन होते. आता त्यांच्या जागी काय? रकाना कोरा ठेवायचा, हॅरिस यांचे छायाचित्र लावायचे, की पक्षाचा अधिकृत निर्णय होईपर्यंत थांबायचे? दुसऱ्याच दिवशी असोसिएटेड प्रेसने प्रतिनिधींची चाचपणी करून हॅरिस यांच्यामागे पुरेसे संख्याबळ असल्याची बातमी दिली. प्रतिनिधींचे ऑनलाइन मतदान मात्र संपले ५ ऑगस्टला. मधल्या पंधरवड्यात या तिन्ही उत्तरांना विकिपीडियाच्या नियमांत कुठे ना कुठे आधार सापडत होता.

विश्वकोश म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींचा ग्रंथ, ही आपली जुनी समजूत. मराठी विश्वकोशाच्या खंडात ‘येती निवडणूक’ अशी नोंद कोणी शोधणार नाही. विकिपीडियाला छपाईची तारीख नसल्यामुळे तिथे अशी नोंद असते, आणि ती भरपूर वाचली जाते. अडचण तिथूनच सुरू होते. निवडणुकीच्या लेखावर वाचकांची झुंबड उडते ती मतदानाच्या आधीचे काही दिवस आणि निकालाच्या दिवशी, म्हणजे त्यातला मजकूर सर्वांत कच्चा असतो तेव्हा. निकाल लागून सगळे स्थिरस्थावर होते तोवर वाचक पांगलेले असतात. संपादकांमधले वाद वरवर छायाचित्रांचे, टक्क्यांचे आणि शीर्षकांचे दिसतात. मतदारांनी कौल देण्याआधी ‘शर्यतीत कोण आहे’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या तळाशी असतो.

नियमांची पार्श्वभूमी

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. तटस्थ दृष्टिकोन, पडताळता येणारा मजकूर आणि स्वतःच्या संशोधनाला मज्जाव ही त्याची तीन आधारतत्त्वे. निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून यांपैकी एकही घडवले गेले नाही. भविष्यातल्या घटनांसाठी पुढे जो नियम आला तो ‘क्रिस्टल बॉल’ या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा की विकिपीडिया भाकिते वर्तवण्याची जागा नाही. येऊ घातलेल्या घटनेवर लेख हवा असेल तर ती घटना दखल घेण्याजोगी असावी आणि घडणार हे जवळपास नक्की असावे. घटना प्रत्यक्ष घडेपर्यंत तारीख पक्की मानू नये, हेही त्यात आहे. पुढची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक या चाळणीतून सहज सुटते. वीस वर्षांनंतरची सुटत नाही, कारण तिच्याबद्दल पडताळता येईल असे एकही वाक्य आज लिहिता येत नाही.

दुसरा धागा हयात व्यक्तींच्या चरित्रांचा. २००५ मध्ये जॉन सायगनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या लेखात केनेडी हत्येशी त्यांचे नाव जोडणारा खोडसाळ मजकूर काही महिने तसाच राहिल्याचे उघड झाले आणि या बाबतीतले नियम कडक झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसचे सदस्य मार्टी मीहान यांच्या कार्यालयातून त्यांच्या लेखातला गैरसोयीचा मजकूर काढून तिथे कार्यालयात लिहिलेले चरित्र डकवल्याची बातमी आली. २००८ च्या ऑगस्टमध्ये जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचे नाव जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी एकाच खात्यावरून पेलिन यांच्या लेखात सुमारे ३० बदल झाले होते, बहुतेक कौतुकाच्या दिशेने. तेव्हापासून उपाध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे ओळखण्यासाठी पत्रकार चरित्रलेखांचे संपादन-इतिहास चाळू लागले. हा खेळ मजेदार आहे, पण फारसा भरवशाचा नाही.

या अनुभवांतून बचावाची हत्यारे तयार झाली. एका संपादकाने एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवू नये, हा नियम जुना आहे. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी मुख्य लेखात बदल करण्याची मुभा किमान ३० दिवस जुने खाते आणि ५०० संपादने असलेल्यांपुरती ठेवली गेली. ‘कोणीही संपादन करू शकेल असा विश्वकोश’ या ब्रीदाला त्या पानापुरती मुरड घातली गेली, आणि त्याबद्दल फारशी कोणी तक्रारही केली नाही.

शीर्षकाचा वाद

सगळ्यात नीरस दिसणारा वाद शीर्षकाचा. ज्या देशात निवडणुकीची तारीख कायद्याने ठरलेली असते तिथे तो उद्भवतच नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार कोणाला हलवता येत नाही. संसदीय पद्धतीत मात्र सरकार पडू शकते, पंतप्रधान सभागृह विसर्जित करू शकतो, न्यायालय स्थगिती देऊ शकते. अशा वेळी लेखाच्या नावात वर्ष घालणे म्हणजे जन्माआधी बारसे.

ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्याने पाच वर्षांची मुदत पक्की झाली होती, म्हणून २०१५ नंतरची निवडणूक २०२० मध्ये, असे गृहीत धरणे रास्त वाटत होते. १८ एप्रिल २०१७ रोजी थेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली आणि ते गृहीतक एका दिवसात मोडीत निघाले. पुढे २०२२ मध्ये तो कायदाच रद्द झाला. ‘पुढची सार्वत्रिक निवडणूक’ असे तारीखविरहित शीर्षक ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद अशा अनुभवांवर उभा आहे. त्यांच्या विरोधातला मुद्दाही हलका नाही. ‘पुढची’ हा शब्द दर निवडणुकीनंतर नव्या घटनेकडे बोट दाखवतो, जुने दुवे चुकीच्या जागी नेतात, आणि वाचक शोधताना वर्षच टाकतो. कॅनडाच्या बाबतीत ‘४५ वी संघीय निवडणूक’ असा क्रमांकाचा मधला मार्ग वापरला गेला. तो तर्काला धरून असला तरी आपली निवडणूक कितवी हे सामान्य मतदाराला क्वचितच ठाऊक असते. इस्रायलमध्ये एप्रिल आणि सप्टेंबर २०१९ अशा एका वर्षात दोन निवडणुका झाल्या, तेव्हा शीर्षकात महिना आणावा लागला. बल्गेरियाने २०२१ मध्ये तीन निवडणुका घेऊन तीच वेळ आणली.

२०१८ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाने आधी देश-निवडणूक आणि मग स्वल्पविराम देऊन वर्ष ही जुनी मांडणी सोडून वर्ष आधी आणले आणि हजारो लेखांची नावे यंत्राकरवी बदलली. वर्ष कुठे लिहायचे हे त्यातून सुटले. कोणते लिहायचे हे राहिलेच.

आपल्याकडे याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ झाली, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. या काळात कोणी ‘मुंबई महापालिका निवडणूक २०२२’ असे पान काढले असते तर दर नवीन वर्षाला त्याचे नाव बदलावे लागले असते. जम्मू-काश्मीरची विधानसभा नोव्हेंबर २०१८ मध्ये विसर्जित झाली आणि पुढचे मतदान सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात राज्याचा केंद्रशासित प्रदेश झाला होता, मतदारसंघांची फेररचना झाली होती. आता एकत्रित निवडणुकांसाठीचे घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले आहे. ते कधी आणि कोणत्या रूपात मंजूर होईल यावर अनेक राज्यांच्या ‘येत्या’ निवडणुकांची वर्षे अवलंबून राहतील.

चौकटीत कोणाचे छायाचित्र

सर्वांत जास्त शाई सांडली आहे ती माहितीचौकटीवर. कारण उघड आहे. लेख पूर्ण वाचणारे थोडे, चौकट पाहून परतणारे पुष्कळ. शिवाय शोधयंत्रे हाच भाग उचलून आपल्या पानावर दाखवतात. मे २०१८ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक निवडणुकीला आठवडाही उरला नसताना, गुगलच्या शोधपानावर कॅलिफोर्निया रिपब्लिकन पक्षाच्या विचारसरणीत ‘नाझीवाद’ असे झळकले. विकिपीडियावर कोणीतरी केलेली खोडी तिथून गुगलच्या चौकटीत उतरली होती, असा खुलासा नंतर झाला. मूळ पानावरची खोडी निघून गेली तरी नक्कल वेगळ्या घड्याळावर चालते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

चौकटीत कोणाला घ्यायचे याबद्दल ढोबळमानाने तीन भूमिका आहेत. पहिली मागच्या निकालाला धरून चालते: गेल्या वेळी ज्यांना लक्षणीय मते वा जागा मिळाल्या तेच यावेळी दाखवा, कारण तेवढीच एक पडताळता येणारी वस्तुस्थिती आहे. दुसरी सध्याच्या जनमत चाचण्यांकडे पाहते. तिसरी म्हणते, मतदान होईपर्यंत छायाचित्रे लावूच नका, पक्षांची साधी सारणी द्या.

२०१५ ची ब्रिटिश निवडणूक या तिन्ही भूमिकांची परीक्षा घेणारी होती. मागच्या निकालानुसार तिसरा पक्ष होता सत्तेतला भागीदार लिबरल डेमोक्रॅट, ५७ जागांचा. चाचण्यांत त्याच्या पुढे होता युकिप, म्हणजे युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पार्टी. २०१४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तो ब्रिटनमध्ये पहिला आला होता. स्कॉटिश नॅशनल पार्टी तर देशभरच्या टक्केवारीत किरकोळ दिसत होती. निकाल लागला तेव्हा युकिपला १२.६ टक्के मते आणि एक जागा मिळाली, स्कॉटिश पक्षाला ४.७ टक्के मते आणि ५६ जागा, लिबरल डेमोक्रॅटांना ७.९ टक्के आणि ८ जागा. मतांनी मोजा, जागांनी मोजा किंवा मागच्या वेळेवरून मोजा, तिसरा पक्ष दर वेळी वेगळा निघतो. जागांचा निकष लावणारे म्हणतात की संसदीय निवडणूक जागांसाठीच असते. मतांचा निकष लावणारे विचारतात की सुमारे ३९ लाख मतदारांचा पक्ष चौकटीबाहेर ठेवणे हे तटस्थपण कसे. मला दोन्ही बाजू आपापल्या जागी पटतात, आणि त्यामुळेच एकच नियम सगळीकडे लावण्याचा आग्रह मला अवघड वाटतो.

अमेरिकेत निकालानंतर निदान ५ टक्के मते किंवा एक तरी निर्वाचक मत मिळवणारा चौकटीत, असा संकेत रुळला होता. २०१६ ने त्यालाही खिंडीत गाठले. सात निर्वाचकांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला सोडून दुसरीकडेच मते दिली. त्यांत कॉलिन पॉवेल यांना तीन मिळाली, जे निवडणुकीला उभेच नव्हते. नियम अक्षरशः पाळायचा तर पॉवेल चौकटीत येणार आणि लाखो मते मिळवलेले गॅरी जॉन्सन बाहेर राहणार. मतदानाआधीच्या चौकटीत हाच ५ टक्क्यांचा आकडा चाचण्यांना लावला जातो, आणि तिथे तो आणखी डळमळीत होतो. २०२४ च्या सुरुवातीला रॉबर्ट केनेडी ज्युनियर काही चाचण्यांत १० टक्क्यांच्या वर होते. हॅरिस आल्यावर त्यांचा आकडा घसरला, आणि २३ ऑगस्टला त्यांनी प्रचार थांबवला. कोणत्या आठवड्याची चाचणी धरायची? किती राज्यांत मतपत्रिकेवर नाव असले की उमेदवार ‘राष्ट्रीय’ मानायचा? विजयासाठी लागणारी २७० निर्वाचक मते गणिताने तरी शक्य व्हावीत, ही अट काहींना किमान वाटते. ही अट लावली की मतपत्रिकेवर येण्याचे राज्याराज्यांचे किचकट कायदे विश्वकोशाच्या निकषात शिरतात, ही दुसऱ्या बाजूची हरकत.

छायाचित्राचा एक बारकावा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. विकिपीडियाला मुक्त परवान्याचेच छायाचित्र चालते. अमेरिकी संघराज्य सरकारने काढलेली छायाचित्रे स्वामित्वहक्कातून मोकळी असतात, म्हणून पदावर असलेल्या नेत्याचे झेंड्यासमोरचे, नीट प्रकाशातले अधिकृत छायाचित्र तयार असते. आव्हान देणाऱ्याचे अनेकदा कोणा हौशी माणसाने सभेत टिपलेले, घामाघूम चेहऱ्याचे. शेजारी शेजारी लावले की एक राज्यकर्ता दिसतो, दुसरा उमेदवार. मजकुरात एकही विशेषण न वापरता पारडे झुकते. काही संपादक म्हणूनच दोन्हीकडे सभेतलेच छायाचित्र वापरावे असे सुचवतात. इतरांना हा मुद्दाम केलेला समतोल वाटतो.

चाचण्यांचे आकडे

जनमत चाचण्यांची पाने हा विकिपीडियाचा, माझ्या मते, सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत निसरडा भाग. ब्रिटन, जर्मनी, स्पेन अशा देशांच्या प्रत्येक निवडणुकीसाठी संस्था, तारखा, नमुन्याचा आकार आणि टक्के यांच्या लांबलचक सारण्या स्वयंसेवक रोज भरतात. इतकी नीट मांडलेली माहिती एका जागी सहसा मिळत नाही, म्हणून पत्रकारही तिथे डोकावतात.

वाद सारणीच्या खालच्या आलेखावर आहे. अनेक पानांवर बिंदूंमधून जाणारी एक गुळगुळीत रेषा असते. ती संपादक सांख्यिकी पद्धतीने काढतो, आणि रेषा किती लवचिक ठेवायची हे तोच ठरवतो. आकडे दुसऱ्यांचे असले तरी त्यांतून निघणारा कल कोणत्याही स्रोताने सांगितलेला नाही, म्हणून हे स्वतःचे संशोधन आहे, असे एक बाजू म्हणते. बेरीज-सरासरीसारखी साधी आकडेमोड नियमांत बसते आणि पद्धत उघडपणे दिलेली असते, असे दुसरी. अमेरिकी पाने बाहेरच्या संस्थांच्या सरासऱ्या उद्धृत करून हा प्रश्न टाळतात. मग कोणत्या संस्थेची सरासरी, हा नवा प्रश्न येतो. पक्षाने स्वतः करून घेतलेली चाचणी सारणीत घ्यावी का, घेतली तर वेगळ्या रंगात का, यावर देशागणिक वेगळे पायंडे आहेत.

भारतात याला कायद्याचा पदर आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६-अ नुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करता येत नाहीत. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांबरोबर ‘इतर कोणत्याही रीतीने’ होणारा प्रसारही त्यात येतो. आता एकाच सारणीवर एक संपादक पुण्यातून काम करतो, दुसरा न्यू जर्सीतून, आणि सर्व्हर परदेशात. दोघांवरची जोखीम सारखी नाही, पण पान एकच आहे. २०२४ मध्ये सात टप्प्यांचे मतदान १ जूनला संपले आणि त्याच संध्याकाळी आकडे आले. ॲक्सिस माय इंडियाने राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. ४ जूनला मिळाल्या २९३. निकालानंतर अशा सारण्यांचे काय करायचे? इतिहास म्हणून जशाच्या तशा ठेवाव्यात, हे मत बहुतेकांना मान्य दिसते. मुख्य लेखात त्यांना किती जागा द्यायची हे मात्र दर वेळी नव्याने भांडून ठरते.

उमेदवाराला स्वतंत्र पान कधी

थेरेसा ग्रीनफिल्ड यांनी २ जून २०२० रोजी आयोवामध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी जिंकली. विद्यमान सिनेटर जोनी अर्न्स्ट यांच्याशी त्यांची लढत देशातल्या सर्वांत खर्चीक लढतींपैकी एक ठरली. तरीही निवडणूक अगदी तोंडावर येईपर्यंत त्यांच्या नावाने शोधणाऱ्याला स्वतंत्र लेख मिळत नव्हता. तो आयोवाच्या त्या निवडणुकीच्या लेखाकडे वळवला जाई. अर्न्स्ट यांचा लेख अर्थातच होता.

नियम असा: राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवर निवडून आलेली व्यक्ती आपोआप दखलपात्र, केवळ उमेदवार असणे पुरेसे नाही. समर्थक सांगतात की हा नियम नसता तर प्रत्येक उमेदवाराची प्रचारपत्रिका विश्वकोशात आली असती, आणि हरल्यानंतर त्या पानांकडे कोणी फिरकले नसते. प्रचाराच्या काळातली प्रसिद्धी निवडणुकीबद्दलची असते, व्यक्तीबद्दलची नसते, असा त्यांचा बारीक भेद. टीकाकार म्हणतात, मग तुमचा नियम पदावर असलेल्याला विश्वकोशाचे पान देतो आणि आव्हान देणाऱ्याला नाकारतो. हे तटस्थ कसे? नव्याने राजकारणात येणाऱ्यांना, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी स्त्रियांना, याचा फटका जास्त बसतो, असेही त्यांचे म्हणणे. ग्रीनफिल्ड प्रकरणानंतर चर्चा खूप झाली. मूळ नियम जागचा हलला नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘संभाव्य उमेदवारां’च्या याद्या. अमेरिकी लेखांत जाहीर, इच्छुक, चर्चेतले आणि नकार दिलेले असे कप्पे असतात, आणि चर्चेतल्यांसाठी गेल्या सहा महिन्यांतला स्रोत मागितला जातो. बातम्यांत अटकळी बांधल्या जातात हे पडताळता येते, म्हणून नियम मोडत नाही. पण वर्तमानपत्रातली कुजबुज मोजून मांडली की ती विश्वकोशी माहिती होते का? या याद्या पाहताना तिकीटवाटपाच्या दिवसांतल्या आपल्या मराठी वाहिन्यांच्या पट्ट्या आठवतात.

पक्ष फुटला तर

पाश्चात्त्य निवडणुकांवर बेतलेले साचे महाराष्ट्राला लावले की शिवण उसवते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या सारणीत ‘मागील जागा’ आणि ‘फरक’ असे दोन रकाने आहेत, असे धरू. २०१९ मध्ये शिवसेनेने ५६ जागा जिंकल्या होत्या. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. २०२४ मध्ये त्या पक्षाने ५७ जागा जिंकल्या. आयोगाचा निर्णय प्रमाण मानला तर फरक अधिक एक. फुटीच्या वेळी शिंदे यांच्यासोबत आलेल्या ४० आमदारांपासून मोजले तर अधिक सतरा. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या २० जागांपुढे ‘नवा पक्ष’ लिहायचे, की ५६ मधून झालेली घट? प्रत्येक उत्तर हे कोण खरी शिवसेना या प्रश्नाचे उत्तर होते, आणि तो वाद आयोगाकडून विधानसभाध्यक्षांकडे आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेला. राष्ट्रवादी काँग्रेसचे घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार यांच्याकडे गेले, तेव्हा हेच गणित पुन्हा मांडावे लागले.

आयोगाचा निर्णय हा अधिकृत स्रोत, त्यावर विश्वकोशाने मत देऊ नये, ही एक भूमिका. अधिकृत म्हणजे तटस्थ नव्हे. वाद प्रलंबित असेल तर सारणीतही तो तळटीप देऊन दाखवावा, ही दुसरी. मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटते, पण मोबाइलच्या पडद्यावर तळटीप कोणी उघडत नाही हेही खरे.

गोव्यात प्रश्न थोडा वेगळा. फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी भाजपला २० आणि काँग्रेसला ११ जागा मिळाल्या. सप्टेंबरमध्ये काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले. २०२७ च्या निवडणुकीच्या पानावर काँग्रेसच्या नावापुढे ११ लिहायचे की ३? मतदारांनी दिलेला आकडा आणि सभागृहातला आकडा असे दोन रकाने ठेवणे हा उपाय आहे. दुसरा रकाना मात्र दर पक्षांतराबरोबर बदलावा लागतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे इंग्रजीसारखी घमासान क्वचित होते, कारण निवडणुकांच्या पानांवर नियमित राबणारे हात थोडे. चावडीवर, म्हणजे तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर, मुद्दा मांडला तरी उत्तर द्यायला चार माणसे जमावी लागतात. त्यामुळे इथला त्रास वेगळ्या जातीचा: इंग्रजीतून उतरवलेली सारणी इंग्रजीत सुधारली जाते, मराठीत पहिल्या दिवशीचे आकडे तसेच राहतात. मतमोजणीच्या दुपारी कोणी ‘आघाडीवर’ असलेल्यांना ‘विजयी’ करून ठेवले, तर ते दुरुस्त होण्याची वेळ भाषेवर अवलंबून असते.

अभ्यास काय सांगतात

संशोधकांनी या क्षेत्राकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. शेन ग्रीनस्टाइन आणि फेंग झू यांना सुरुवातीच्या वर्षांतल्या अमेरिकी राजकारणविषयक लेखांचा कल डेमोक्रॅटिक बाजूला दिसला. लेखांवर जितकी जास्त संपादने होत गेली तितका तो सौम्य होत गेला. २०१९ मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियरमध्ये आलेल्या एका अभ्यासात राजकीयदृष्ट्या विरुद्ध टोकांचे संपादक एकत्र असलेले लेख एकाच विचाराच्या चमूपेक्षा दर्जेदार ठरले. भांडण हे दर वेळी नुकसानच नसते, असा त्याचा अर्थ होतो. मात्र दोन्ही निष्कर्षांना वेळ लागतो. हजारो संपादने व्हायला आणि विरोधकांनी एकमेकांना घासून घ्यायला जो काळ लागतो, तो येत्या निवडणुकीच्या पानाला मिळत नाही. दुसरीकडे, सहसंस्थापक लॅरी सँगर यांच्यासारखे टीकाकार ‘विश्वासार्ह स्रोत’ ठरवण्यातच पक्षपात आहे असे म्हणतात. २०१७ मध्ये डेली मेल स्रोत म्हणून बहुतांशी बाद ठरवले गेले तेव्हापासून कोणती वृत्तपत्रे चालतील याच्या याद्या वाढत गेल्या आहेत, आणि निवडणुकीचा लेख शेवटी त्या यादीपेक्षा वेगळा असू शकत नाही. ताहा यासेरी आणि जोनाथन ब्राइट यांनी २००९ व २०१४ च्या युरोपीय संसद निवडणुकांत पानांच्या वाचकसंख्येचा मतदानाशी संबंध तपासला. मतदानाच्या टक्केवारीतला बदल आणि नव्या पक्षांची मुसंडी यांचा माग त्यात काही प्रमाणात लागला. लोक नव्या नावाबद्दल माहिती शोधतात, एवढे त्यातून म्हणता येते. तिथे काय वाचले यामुळे मत बदलते का, हे नाही.

काय अनुत्तरित आहे

सर्वांत मोठी अडचण घड्याळाची. समुदायाचे मत मागवण्याची औपचारिक चर्चा विकिपीडियावर साधारण ३० दिवस चालते. ब्रिटनमध्ये २०२४ ची निवडणूक २२ मे रोजी जाहीर झाली आणि ४ जुलैला मतदान झाले. चौकटीबद्दल चर्चा सुरू करून, ती संपवून, निष्कर्ष लिहून होईपर्यंत प्रचार संपत आलेला असतो. निकाल लागला की मूळ प्रश्न निरर्थक होतो, चर्चा दप्तरात जाते आणि चार-पाच वर्षांनी नवे संपादक तेच मुद्दे नव्याने मांडतात. निवडणुकीआधी वर्षभर निकष ठरवून ठेवावेत ही सूचना अनेकदा आली आहे. तिला अडवतो तो युकिपसारखा पक्ष, जो निकष ठरवताना कोणाच्या गणतीतच नसतो.

दुसरा प्रश्न नकलांचा. शोधयंत्रांच्या चौकटींत आता उत्तरे रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. विकिपीडियाचे पान मिनिटांत सुधारता येते, इतिहासात जुनी आवृत्ती आणि चर्चा पानावर वादही पाहता येतो. त्यावरून तयार झालेल्या उत्तरात ना इतिहास असतो ना चर्चा पान, आणि ते कोणत्या दिवशीच्या मजकुरावरून घेतले हेही वाचकाला कळत नाही. मतदानाआधीच्या कच्च्या मजकुराला निदान तारीख चिकटवून बाहेर पाठवता येईल का, यावर अजून कोणती सर्वमान्य पद्धत बसलेली नाही.